मिरचीच्या वावरात गेलेल्यांचंही मत घ्या: निवडणूक आयोगाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त आणि मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन,
अशोक रोड, नवी दिल्ली.

विषय: हंगामी कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांना आगाऊ किंवा टपाली मतदानाची सोय मिळण्याबाबत.

महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्याचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचा भाग धानाचा. लोकसभेला आम्ही गडचिरोली-चिमूरमध्ये येतो. नोकरीत होतो तोवर निवडणूक लागली की माझी ड्युटी ठरलेली, आणि ड्युटी लागली की माझं मत टपालानं जायचं. माझं गाव मत देत असायचं तेव्हा मी दुसऱ्याच कुठल्या गावच्या शाळेत लोकांच्या बोटांना शाई लावत बसलेलो असायचो, तरी माझं मत बुडायचं नाही. शासनानं कामाला बाहेर पाठवलं होतं, म्हणून शासनानंच सोय केली होती. बरोबरच होतं.

याच गावातून संक्रांत झाली की माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्यांनाही कामच बाहेर नेतं. त्यांच्या मताची सोय मात्र एकाही नियमात नाही. ती करावी, एवढं मागायला हे पत्र लिहितो आहे.

स्थलांतरित मजूर म्हटलं की दिल्लीतल्या माणसाला सुरतेच्या कारखान्यातला किंवा मुंबईच्या बांधकामावरचा माणूस आठवत असेल. आमच्याकडचं जाणं वेगळं आहे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. धान घरात आलं की गावात काम उरत नाही. उन्हाळी धानाला पाणी सगळ्यांकडे नसतं आणि तेंदूपानाचा फड मे महिन्यात लागतो. मधले तीन-चार महिने खायचं काय, याचं उत्तर खम्मम आणि वारंगलकडच्या मिरचीच्या वावरांत मिळतं. मुकादम टोळी बांधतो, रात्री पिकअप येते, कोणी राजुऱ्याकडून जातं, कोणी सिरोंच्याकडून. नवरा-बायको जातात, अंगावरचं लेकरू जातं, ते सांभाळायला कधी आजीही जाते. लग्नसराईच्या तोंडावर परत येतात तेव्हा थोडा पैसा आणि वर्षभराची मिरची सोबत असते. शाळेला हे सगळ्यांत आधी कळतं, कारण जानेवारी सरता सरता हजेरीपटावर लाल शाई वाढायला लागते.

हे फक्त सावलीचं नाही. सिंदेवाही, मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी, पलीकडे गडचिरोली, गोंदिया, भंडारा, सगळीकडून लोक जातात. मेळघाटातले कोरकू मजूर खाली मैदानात उतरतात. पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली तेव्हा ऊसतोडवाल्यांचा हंगाम तोंडावर होता आणि आमच्याकडे धान खाचरात कापून पडलं होतं. निवडणूक कोणत्याही महिन्यात घ्या, विदर्भाचा कोणता तरी कोपरा तेव्हा घराबाहेर असतोच. तारीख बदलून हे सुटणारं नाही, आणि तारीख बदला असं मी म्हणतही नाही.

आता २०२४ ची लोकसभा घ्या. १६ मार्चला कार्यक्रम जाहीर झाला, २० मार्चला अधिसूचना निघाली, ३० मार्चला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि १९ एप्रिलला आम्ही मतदान केलं. मिरचीवाले तेव्हा तिकडेच होते. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचं कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, १३५ ब. पण तेलंगणाचं मतदान होतं १३ मेला. आमच्या १९ एप्रिलला खम्ममच्या शेतमालकाकडे सुटीचा विषय कोण काढणार? काढला तरी एका दिवसाच्या सुटीत सावलीला येऊन परत जाणं होत नाही. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा, म्हणजे ज्या कमाईसाठी गाव सोडलं तिच्यातला मोठा तुकडा एका मतासाठी मोडावा लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याची आई मला म्हणाली होती, "गुरुजी, मत कोनाले द्याचं ते मले समजते, पन द्याले येऊ कशी?"

त्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूरचं मतदान सुमारे ७२ टक्के होतं, राज्यात सगळ्यांत जास्त. नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मतदार जागृतीची पथनाट्यं आणि रांगोळी स्पर्धा आमच्याकडे जरा कमी घेतल्या तरी चालतील, त्या नागपूरला पाठवा. आमच्या न आलेल्या मतदारांत सगळेच मजूर होते असं नाही. यादीत मेलेल्यांची नावं असतात, सासरी गेलेल्या मुलींची असतात. पण ज्याला यायचं होतं आणि येता आलं नाही असा माणूस आमच्या प्रत्येक टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, सापडेल, आणि त्याच्यासाठी घोषवाक्याचा उपयोग नाही.

यावर कोणी म्हणेल, जिथे राहतात तिथलं नाव लावून घ्या. कोणत्या पत्त्यावर लावायचं? वावराच्या धुऱ्यावरच्या पालाच्या? आणि का लावायचं? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं सर्वसाधारण राहण्याचं ठिकाण बदलत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेतही तो सावलीचाच मतदार आहे. त्याचं घर इथे, सातबारा इथे, रेशन कार्ड इथे. खम्ममचा खासदार निवडून त्याला काय करायचं आहे?

टपाली मतदान कोणाकोणाला मिळतं ते एकदा बघू. सैन्यातल्या जवानाला मिळतं, आणि २०१६ पासून त्याची कोरी मतपत्रिका संगणकावरून पाठवता येते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालात टाकतो. निवडणूक कर्मचाऱ्याला मिळतं. अधिसूचित अत्यावश्यक सेवांमधल्या लोकांना मिळतं. वीज, रेल्वे, आरोग्य खात्यातले लोक त्यात येतात, तुम्ही पास दिलेले पत्रकारही येतात. त्यांच्यासाठी मतदानाच्या दिवसाआधी सलग तीन दिवस टपाली मतदान केंद्र उघडं असतं. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना घरी मिळतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्या माणसालासुद्धा टपालानं मत देता येतं. हे सगळे हक्क योग्य आहेत, एकाचाही काढू नका. पण ज्याच्यावर सरकारची नजर आहे म्हणून कोंडून ठेवलाय त्याचं मत पोचतं, आणि मिरची तोडणाऱ्या बाईचं पोचत नाही, हे तिला कसं समजावून सांगायचं ते मला शिक्षक असूनही जमलेलं नाही.

टपाली मताचा फायदा मी स्वतः घेतला आहे. पूर्वी नमुना १२ चा अर्ज भरून दिला की मतपत्रिका हातात पडायची. प्रतिज्ञापत्र १३-अ, आतलं पाकीट १३-ब, बाहेरचं १३-क. घरी टेबलावर ठेवून सावकाश सगळी नावं वाचता यायची, मागे रांग नाही, कोणी घाई करत नाही. खोट एकच होती. पाकीट मतमोजणीच्या सकाळी ८ पर्यंत पोचलं तरी चालायचं, आणि तेवढ्या दिवसांत शिक्षकांच्या घरी चहा प्यायला येणाऱ्या कार्यकर्त्यांची संख्या एकदम वाढायची. शिवाय प्रतिज्ञापत्र भलत्या पाकिटात गेलं किंवा साक्षांकन राहिलं की मत बाद. शिकलेसवरलेले लोक त्यात चुकायचे. २०२३ मध्ये नियम बदलला आणि ड्युटीवरच्यानं कर्मचाऱ्यांच्या मतदानासाठी उघडलेल्या सुविधा केंद्रातच, आडोशाआड, मत देऊन तिथेच जमा करायचं असं ठरलं. हा बदल मला मनापासून पटला. मत आगाऊ घ्यायचं, पण मतपत्रिका कोणाच्या खिशात फिरू द्यायची नाही, ही पद्धत तुम्ही आमच्यावर तपासून घेतलेली आहे. मजुरांसाठी तीच हवी.

गृहमतदानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते आमच्या भागानं डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१९ मध्ये नियमात बदल होऊन ८० वर्षांवरच्यांना ही सोय आली, २०२४ च्या मार्चमध्ये वय ८५ केलं गेलं आणि त्या लोकसभेला देशभर पहिल्यांदा ती मिळाली. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, गृहमतदानासाठीचा १२-ड चा अर्ज घेऊन घरी जातो. मग ठरलेल्या दिवशी दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असं पथक येतं. उमेदवारांना आधी कळवलेलं असतं, त्यांचा माणूस हजर राहू शकतो. पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो, म्हातारी खूण करते, पाकीट बंद होतं. एकदा भेट चुकली तर पथक दुसऱ्यांदा येतं. गडचिरोलीत त्या वर्षी अहेरीहून सिरोंच्यापर्यंत १०७ किलोमीटर जाऊन पथकानं दोन वृद्धांची मतं घेतली, एक शंभरीचे आणि दुसरे ८६ चे. तुम्हीच ती बातमी अभिमानानं सांगितली होती, आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन ४३-४४ अंशांचं असतं. त्यात म्हाताऱ्या माणसाला खाटेवर घालून बूथवर न्यायची वेळ आली नाही, याचं मोल घरच्यांना विचारा. बूथवरच्या कर्मचाऱ्यांनाही विचारा. गडचिरोली जिल्ह्यात दुपारी ३ ला मतदान बंद होतं, सकाळी अर्धं गाव मोहफूल वेचून मग येतं, आणि मधल्या तीन-चार तासांत रांग व्हरांड्याबाहेर उन्हात जाते. आधी येऊन गेलेलं प्रत्येक मत त्या रांगेतला एक माणूस कमी करतं.

मात्र या सोयीच्या दोन अडचणी सांगायलाच हव्यात. पहिली मुदतीची. १२-ड अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा असतो. २०२४ मध्ये आमची अधिसूचना २० मार्चची, म्हणजे ते पाच दिवस थेट होळी आणि धुळवडीत गेले. ज्या म्हाताऱ्याच्या घरात लिहिता येणारं माणूस नाही, त्याच्यासाठी ही मुदत आली कधी आणि सरली कधी ते कळतच नाही. दुसरी अडचण वयाची. आमच्याकडे जे शाळेत गेले त्यांचं वय गुरुजींनी लिहिलं, जे गेले नाहीत त्यांचं यादी करणाऱ्यानं अंदाजानं. यादीत निम्मे म्हातारे १ जानेवारीला जन्मलेले सापडतील. धाकटी बहीण ८६ ची आणि थोरली ७९ ची असली घरं मला माहीत आहेत. अशा थोरलीला बूथवर चालत जावं लागतं आणि धाकटीकडे पथक येतं. दिव्यांगांचं प्रमाणपत्र हाही असाच प्रकार. जो उठून जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊ शकत नाही त्यालाच ते नसतं. मुदत दहा दिवसांची करा आणि वय परत ८० वर आणा, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी गावच्या आरोग्य उपकेंद्राचा दाखला चालू द्या. ही मागणी जाता जाता केली, मुख्य मागणी मजुरांची.

ती कशी पुरी करता येईल याचा विचार करताना एक गोष्ट आडवी येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मिरचीवाले जानेवारीत जातात, उमेदवार मार्चअखेर ठरतात. गाव सोडण्याआधी त्यांचं मत घ्यावं म्हटलं तर मत द्यायचं कोणाला? मतपत्रिकाच छापलेली नसते. म्हणून जाणाऱ्यांचे दोन गट धरावे लागतील.

एक गट शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत जाणाऱ्यांचा. विधानसभेच्या वेळचे ऊसतोडवाले यात येतील, चाकणच्या कंपनीत लागलेला आणि सणाला गावी आलेला पोरगा येईल, नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळालेला शेतकरीही येईल. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत २०२४ मध्ये आम्हाला २० दिवस मिळाले. त्यातले तीन दिवस तहसीलच्या ठिकाणी टपाली मतदान केंद्र सगळ्यांसाठी उघडा. अत्यावश्यक सेवेच्या लोकांसाठी ते तसंही उघडावं लागतं. यादीत त्याच्या नावापुढे टपालाची खूण झाली की बूथवर पुन्हा मत देता येणार नाही. ८५ वर्षांच्या म्हातारीच्या बाबतीत तुम्ही हेच करता.

दुसरा गट आधीच गेलेल्यांचा, म्हणजे आमचा. यांच्यासाठी केंद्र तिकडे हवं. खम्ममच्या किंवा वारंगलच्या एखाद्या तालुक्यात ठरलेल्या दोन दिवशी टपाली मतदान केंद्र उघडायचं, आमच्या मतदारसंघाची मतपत्रिका जवानांना पाठवता तशी संगणकावरून पाठवायची, तिथेच छापायची, आडोशाआड खूण, बंद पाकीट, परत इकडच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. अर्ज गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीत भरून घ्यायचा. कोण जाणार, कुठे जाणार हे गावात कोणापासून लपलेलं नसतं. अंगणवाडीताईला गरोदर बाई कुठल्या गावी गेली ते माहीत असतं, शिक्षकाला लेकरू कुठे गेलं ते माहीत असतं, कारण हंगामी वसतिगृहासाठी ती नावं काढावीच लागतात. तीच माणसं पुढे बीएलओ असतात. नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही, जानेवारीत एक रकाना वाढवायची आहे.

यासाठी कायदा बदलायला संसदेची वाट पाहावी लागेल असंही मला वाटत नाही. १९५१ च्या कायद्याचं कलम ६० वाचा. शासनाशी विचारविनिमय करून आयोगानं अधिसूचित केलेल्या वर्गातल्या व्यक्तींना टपालानं मत देता येईल, अशी तरतूद तिथे आहे. हंगामी स्थलांतरित मजूर हा असा एक वर्ग करा आणि त्याप्रमाणे नियम जुळवून घ्या. घर सोडावं लागलेल्या काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष मतदान केंद्रं तुम्हीच चालवता. मतदारसंघ एकीकडे आणि मतदान दुसरीकडे, हे या देशात होऊ शकतं याचा दाखला शोधायला लांब जायला नको.

डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असा. आमच्या पारावर तेव्हा बरीच चर्चा झाली. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना तो दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि २०२४ च्या लोकसभेत ते यंत्र काही आलं नाही. पक्षांच्या शंका मला अगदी पोकळ वाटत नाहीत. परक्या राज्यात मतदान प्रतिनिधी कोण बसवणार, हा प्रश्न लहान पक्षासाठी खरा आहे. पण यंत्रावर एकमत होत नसेल तर तोवर कागद आहे. तो जुना आहे, सगळ्यांना माहीत आहे, पाकिटं मोजता येतात. जर्मनीत १९५७ पासून टपाली मतदान आहे आणि २००८ पासून तिथे कारण सांगावं लागत नाही. अमेरिकेतलं ऑरेगॉन राज्य तर २००० ची अध्यक्षीय निवडणूकही टपालावर घेऊन मोकळं झालं. त्यांचं सगळं इकडे चालेल असं नाही, तिथे प्रत्येक घराला पेटी आणि पत्ता आहे. म्हणून मी पाकीट घरोघर वाटा असं म्हणत नाही, केंद्र मागतो आहे.

केंद्र मागण्याचं खरं कारण मुकादम आहे. पालावर पाकिटं वाटली तर संध्याकाळी ती मुकादमाकडे गोळा होतील आणि सगळ्यांवर एकच खूण असेल. उचल घेतलेला मजूर त्याला नाही म्हणू शकत नाही. घरातही असं होतं. मुलगा शेजारी बसून "आबा, इथं करा" म्हणतो. गृहमतदानात पथक असल्यानं त्याला बाहेर काढता तरी येतं. टपाली मतदानाला विरोध करणारे हा मुद्दा काढतात तेव्हा ते बरोबर असतात, आणि उत्तर एकच आहे: मतपत्रिका सरकारी माणसाच्या हातून थेट मतदाराच्या हाती, आडोशातून थेट पेटीत. मुकादमाला फार तर टेम्पो ठरवू द्या, दाराच्या आत येऊ देऊ नका.

दुसरा आक्षेप असा की आगाऊ मत दिलं आणि नंतर काही घडलं तर? उमेदवारानं शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याला पाठिंबा दिला तर मत परत घेता येत नाही. खरं आहे. हा धोका मी प्रत्येक वेळी पत्करला, जवान आजही पत्करतात. मजुरापुढे पर्याय आहे तो मुळीच मत नसण्याचा. निवड त्याला करू द्या.

उलट आगाऊ मताचा एक फायदा असा आहे जो तुमच्या परिपत्रकांत लिहिलेला नसतो. मतदानाच्या आदल्या रात्री गावात काय काय वाटलं जातं ते निरीक्षकांना माहीत आहे, पोलीस पाटलाला माहीत आहे आणि मलाही. ज्याचं मत आठ दिवसांपूर्वीच पेटीत गेलं त्याच्या दारात आदल्या रात्री कोणी कशाला येईल? अगदीच आला तर जेवून जाईल. पैसे मग आठ दिवस आधी वाटतील, असं माझे एक मित्र म्हणतात. वाटतीलही. पण तीन दिवस, दोन जागा आणि दोन राज्यांत विखुरलेली माणसं यांना वाटत फिरणं एका रात्रीत एका टोल्यावर वाटण्यापेक्षा महाग पडतं, हे कोणताही कार्यकर्ता सांगेल.

गाडीचा मुद्दाही यातच येतो. ग्रामपंचायतीची निवडणूक तुमच्याकडे नाही, राज्य निवडणूक आयोगाकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे जे घडतं ते लक्षात घ्या. एकेका वॉर्डात दोन-चार मतांनी निकाल लागतो, म्हणून उमेदवार गाडी पाठवून बाहेरगावची माणसं आणवतो. भाडं त्याचं, वाटेतला चहा-नाश्ता त्याचा, आणि त्या गाडीतून उतरलेला माणूस आडोशाआड किती मोकळा असतो हे सांगायला नको. तुमच्याच कायद्यात मतदारांना फुकट वाहून नेण्यासाठी वाहन लावणं हा भ्रष्ट व्यवहार धरला आहे, कलम १२३. पण माणसाला दुसरी वाटच ठेवली नाही तर तो याच गाडीत बसणार. लोकसभेला एवढ्या लांब कोणी गाडी पाठवत नाही, म्हणून तेव्हा त्याचं मत बुडतं. ग्रामपंचायतीला गाडी येते, तेव्हा ते गाडीवाल्याचं होतं. त्याच्या राहत्या जागेजवळ केंद्र आलं तर या दोन्हींतून तो सुटेल.

एकदम देशभर करा असं म्हणणं नाही. पुढच्या लोकसभेत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यातले दोन-तीन तालुके घ्या, पलीकडे तेलंगणातला एक जिल्हा घ्या. आदल्या जानेवारीत ग्रामपंचायतीत नावं नोंदवा. किती अर्ज आले, किती जण प्रत्यक्ष केंद्रावर आले, किती पाकिटं बाद झाली, ते आकडे जाहीर करा. अर्ज मराठीत असावा, आणि गोंडी बोलणारा एक तरी कर्मचारी तिकडच्या केंद्रावर असावा. केंद्राची वेळ संध्याकाळी ८ पर्यंत ठेवा, कारण मिरचीचं काम सकाळी लवकर सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत चालतं. ९ ते ५ चं केंद्र त्यांना पुन्हा मजुरी बुडवूनच गाठावं लागेल. शक्य असेल तर दोनपैकी एक दिवस तिथल्या आठवडी बाजाराचा धरा. त्या दिवशी सगळ्या टोळ्या मीठ-मिरची, तेल-साबण घ्यायला गावात येतात. मीठच खरं तर, मिरची त्यांच्याकडे असते.

कर्मचारी कमी पडले तर आमच्या तालुक्यात ड्युट्या केलेले निवृत्त शिक्षक बरेच आहेत. मतपत्रिकेचा हिशेब, पाकिटांचे नमुने, लाखेची सीलं, सगळं हाताखालून गेलेलं आहे. खम्ममला दोन दिवस बसायला आम्ही तयार आहोत, भत्ता नेहमीप्रमाणे उशिरा दिला तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर

प्रत माहितीसाठी:
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य निवडणूक अधिकारी, तेलंगणा राज्य
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र (गाडीच्या मुद्द्यापुरती)